खाली नाव घाला

प्रति,
सॉफ्टवेअर कंपन्यांचे कारभारी,
सरकारी पोर्टलं चालवणारे अधिकारी,
आणि सर्व पक्षांच्या आयटी सेलचे प्रमुख यांस,

विषय : पडद्याच्या तळाशी जबाबदार माणसाचं नाव छापण्याबाबत.

स. न. वि. वि.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, राग मानू नका. बसलो होतो तीन लिहायला. पण दुसऱ्या परिच्छेदापासून तिन्हींत तेच मॅटर यायला लागलं. आमच्या धंद्यात अशा वेळी प्लेट एकच काढतात आणि वरचं नाव तेवढं बदलतात.

माझं दुकान सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकातून चालत पाच मिनिटांवर. पाटीवर लिहिलंय, 'डीटीपी, झेरॉक्स, लग्नपत्रिका, ऑनलाईन फॉर्म'. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून पान लावणं. पहिली तीन कामं मी शिकून घेतली. चौथं तुम्ही लोकांनी गळ्यात घातलं.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पत्रिकेत मुहूर्त चुकला. ११ वाजून ४१ मिनिटांच्या जागी ११ वाजून १४ मिनिटं. प्रूफ मुलीच्या मामांनी वाचून त्यावर सही केली होती, म्हणजे चूक माझ्या एकट्याची नव्हती. पण पत्रिकेच्या मागे डाव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या टायपात, माझ्या दुकानाचं नाव होतं. मुलीचे वडील यंत्रमागावर जॉबर. त्यांनी पाचशे पत्रिकांचा गठ्ठा काउंटरवर आपटला आणि एवढंच विचारलं, "ह्येच्यावर नाव तुझंच हाय न्हवं?" होतं. रात्रभर बसून पाचशे पुन्हा छापल्या, स्वतःच्या पैशाने. मनातल्या मनात मामांना शिव्या घातल्या, ते सोडा. चूक झाली, नाव वाचून माणूस दारात आला, चूक निस्तरली. यात सांगण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आता पक्षवाल्यांकडे आधी वळतो, कारण नाव घालायचा धडा मला तुमच्याच निवडणुकांनी नीट गिरवून घेतला. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ अ. निवडणुकीचं पत्रक असो की पोस्टर, त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजे. छापून घेणाऱ्याने आपण कोण याचं लेखी निवेदन दोन प्रतींत द्यायचं, त्याला जातीने ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांसकट. छपाई झाली की निवेदनाची एक प्रत पत्रकासोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे. यात चुकलो तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

२०२४ च्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या वेळी, रात्री साडेदहाला एक कार्यकर्ता हँडबिलं छापायला आला. मी फॉर्म पुढे सरकवला. तो चिडला. "काय बे, मला ओळखत न्हाईस व्हय? एका बाकावर बसलोय की शाळेत!" ओळखतो रे, पण अजून दोघं पाहिजेत. शेवटी कोपऱ्यावरचा चहावाला आणि पलीकडचा शिंपी यांना झोपेतून उठवून सह्या घेतल्या. हँडबिलाच्या तळाशी माझं नाव, त्याचं नाव, प्रती दोन हजार. मशीन धुऊन घरी जायला पहाटेचे तीन वाजले.

त्याच रात्री त्याच मतदारसंघातली एक क्लिप माझ्या फोनवर चार ग्रुपांतून येऊन पडली होती. आवाज एकाचा, तोंड दुसऱ्याचं, आरोप तिसऱ्यावर. खाली ना मुद्रक, ना प्रकाशक, ना प्रतींची संख्या. पैसे मोजून केलेली जाहिरात असेल तर ती आधी निवडणूक यंत्रणेच्या समितीकडून तपासून घ्यावी लागते, हे मला ठाऊक आहे. फॉरवर्डला तेवढंही बंधन नाही. म्हणजे दोन हजार कागदांसाठी मी तुरुंगाच्या दारात उभा, आणि गावभर फिरलेल्या क्लिपचा बाप कोण, हे विचारायची कुणाची छाती नाही.

इथे एक सांगून टाकतो, नाहीतर मला सरकारी माणूस समजाल. छापील कागदावर मुद्रकाचं नाव घालायची सक्ती मूळची इंग्रजांची, १८६७ च्या कायद्यातली, आणि ती काही वाचकांच्या भल्यासाठी नव्हती. कोणाला पकडायचं ते कळावं म्हणून होती. १९३० साली मार्शल लॉ सोसलेलं हे गाव आहे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेल्या आमच्या चौघांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार होते. तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक माणसाने तोंड उघडताना आधार कार्ड दाखवावं, असं माझं म्हणणं अजिबात नाही. ज्याच्या हातात माझं काही अडकलंय, माझं मत, माझी फाईल, माझ्या गिऱ्हाइकाची पेन्शन, त्याने नाव सांगावं. उलटं चाललंय सध्या. ज्याच्या हातात काही नाही त्याला ओटीपी, आणि ज्याच्या हातात सगळं त्याला मात्र पडदा.

आता कंपन्या.

पूर्वी मी सॉफ्टवेअर विकत घ्यायचो. खोक्यात सीडी, एक जाड पुस्तक, आणि मराठी फॉन्टचं असेल तर कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं डोंगल, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्लीच. डोंगल हरवलं की धंदा बसला, म्हणून रात्री ते देव्हाऱ्यात ठेवायचो. हसू नका, घर दुकानाला लागूनच आहे. पण ते माझं होतं. आता पान लावायचं सॉफ्टवेअर भाड्याने मिळतं. भाडं दर महिन्याला, आणि वाढलं की वाढलं.

मागच्या लग्नसराईत जेसीबीने रस्ता खणता खणता नेटची केबल तोडली. सोलापुरात ही काही बातमी नव्हे. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आमचं नाव आलं, तेव्हापासून खणला नाही असा एक चौक दाखवा, मी चहा पाजतो. तर नेट गेलं. मला काय फरक पडतो? फाईल माझ्या हार्ड डिस्कवर, अक्षर न् अक्षर मी जुळवलेलं. पण त्या सॉफ्टवेअरला अधूनमधून वर जाऊन विचारून यावं लागतं की बाबा, या माणसाने भाडं भरलंय ना. भरलं होतं. विचारायला वाट नव्हती. आणि विचारायचा दिवस नेमका तोच निघाला.

फोनचं नेट जोडून बघितलं. तर म्हणे तुम्ही नव्या ठिकाणाहून आलात, ईमेलवर कोड पाठवलाय. ईमेल उघडायला गेलो तर त्यालाही माझी ओळख पटेना. तिथला कोड शोधून परत येईपर्यंत पहिल्याची मुदत संपली. काउंटरच्या पलीकडे गिऱ्हाईक उभं, खाली रिक्षा थांबलेली. तो माणूस शांतपणे म्हणाला, "मशीन तुमचं, फाईल तुमची, मग कुलूप कुणाचं हो?"

मला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

मदतीच्या पानावर गेलो. तिथे एक चॅटबॉट, नाव छान गोड. मराठीत लिहिलं तर त्याने नमस्कार केला आणि गप्प. इंग्रजीत लिहिलं तर फाईल कशी उघडावी यावरचा लेख पाठवला. लेखातली पहिली पायरी, 'सॉफ्टवेअर उघडा'. मग विचारलं, माझी मदत कशी वाटली, तारे द्या. तारे दिसायलाच लागले होते.

सगळ्यांना एका मापाने मोजत नाही. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये, आणि त्याला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे बरंच आधी जाहीर झालं होतं. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये असावी लागते, त्यामुळे धडधाकट जुनी मशीनं बाजूला पडतात. जीव हळहळतो. पण निदान तारीख सांगून गेलं. आमच्याकडे पाणीसुद्धा तारीख सांगून येत नाही.

मराठीबद्दल बोलायला बसलो तर पत्र संपायचं नाही, म्हणून एकच. यूनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून होती. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तरी आजही गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की 'सिद्धेश्वर' या नावातली वेलांटी 'स'ला सोडून शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसते, आणि 'द्ध'चे दोन तुकडे होऊन पाय मोडका 'द्' वेगळा पडतो. ग्रामदैवताची ही गत, तिथे 'आमचे येथे श्रीकृपेकरून'चं काय घेऊन बसलात. दर पत्रिकेला मी ते हाताने जुळवतो. त्याचे पैसे कुणी देत नाही. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' कसे असावेत हे राज्य सरकारने २००९ साली निर्णय काढून सांगितलंय, आणि सरकारचीच कितीतरी पत्रकं आजही हिंदी वळणाच्या अक्षरांत येतात, कारण फॉन्टमध्ये जे आलं ते घेतलं.

आता पोर्टलवाले साहेब, तुमच्याकडे.

आमच्याकडे एक अक्का येतात. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतात, जन्म गेला विड्या वळण्यात. पूर्वी आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या, म्हणून अजून कागदाचं काही निघालं की एवढ्या लांबून माझ्याकडेच येतात. त्यांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन आहे. या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली हजार रुपये ठरली होती, यावरून अंदाज करा. तर तेवढ्यासाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असं सिद्ध करायचं. त्याचं नाव जीवन प्रमाण. बोट ठेवा, दाखला घ्या.

बोट ठेवा म्हणणाऱ्याने विडी वळणाऱ्या बाईचं बोट कधी हातात घेतलं नसावं. टेंभुर्णीचं पान ओलं करून कापायचं, चिमटीने तंबाखू पसरायचा, मग अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत पान फिरवत फिरवत घट्ट वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला शेकड्यांनी, चाळीस वर्षं. अक्कांच्या अंगठ्याचं पेर मी निरखून बघितलंय. आरशासारखं गुळगुळीत, कडेला दोन पांढऱ्या चिरा. रेघ म्हणून नाही.

मशीनचा लाल दिवा लागला. अंगठा ठेवला. नाही. ओल्या फडक्याने पुसून ठेवला. नाही. खोबरेल लावून, पुसून, पुन्हा. मग तर्जनी, मधलं, करंगळी, डावा हात. प्रत्येक वेळी इंग्रजीत तेच, चूक क्रमांक ३००. म्हणजे बोटं जुळत नाहीत. दहावं बोट झाल्यावर अक्का म्हणाल्या, "बाळा, मी न्हाई व्हय मी?"

थट्टेने म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

गंमत म्हणजे यावर उपाय आहे, आणि तुमचाच आहे. २०२१ पासून चेहरा दाखवून हा दाखला काढता येतो. चांगली सोय आहे, ज्यांनी केली त्यांना मनापासून धन्यवाद. मला ती कळली कशी? पुतण्याला कुठून तरी माहीत होतं. त्याने फोनवर ॲप उतरवलं, अक्कांना दारातल्या उजेडात बसवलं. ॲप म्हणालं पापण्या मिटा. अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मिटा म्हटलं की त्या मिटूनच बसायच्या. चौथ्या वेळी जमलं. मोजून वीस मिनिटं. आणि त्या आधीच्या तीन खेपा, कुंभारीहून येणं-जाणं, बुडालेली मजुरी? कारण अजूनही घरी बसून त्या थोड्या विड्या वळतातच.

त्या ३०० नंबरच्या चुकीखाली मराठीत एक ओळ का नाही, की 'बोटं जुळत नसतील तर चेहऱ्याने करून बघा'? एवढीच ओळ. मी फुकट जुळवून देतो. पण द्यायची कुणाकडे? पडदा लिहिणाऱ्याचं नाव पडद्यावर नाही. खाली विभागाचं बोधचिन्ह आहे, तंत्रसाहाय्य करणाऱ्या संस्थेचं बोधचिन्ह आहे, आजवर किती जण येऊन गेले त्याचा आकडाही आहे. त्यात अक्का चार वेळा मोजल्या गेल्या असतील.

आणि कंपनीवाले हो, कायदा नाही असं म्हणायची सोय तुम्हाला तर अजिबात नाही. ऑनलाईन विक्री करणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा, हा नियम २०२० चा आहे. समाजमाध्यमं चालवणाऱ्यांनी असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क ठळकपणे द्यावा, हा २०२१ चा. गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या पडद्यांचे तेरा प्रकार केंद्राने २०२३ च्या नोव्हेंबरात नावानिशी सांगितले, त्यात वर्गणीचा सापळा आहे, सारखं टोचत राहणं आहे. म्हणजे नाव घालायला सांगितलेलंच आहे, आणि पुष्कळांनी घातलेलंही आहे. शोधलं की सापडतं. मेनूत, मग 'इतर'मध्ये, मग 'कायदेशीर'मध्ये, तिथून अकराव्या स्क्रीनवर.

'ठळक' या शब्दाचा अर्थ मात्र मला विचारा, तीस वर्षं तेच करतोय. ठळक म्हणजे अठरा पॉइंट बोल्ड, काळा, भोवती जागा सोडून. तुम्ही करता ते सहा पॉइंट, फिक्कट राखाडीवर थोडं गडद राखाडी. असं प्रूफ एखाद्या पोराने माझ्यासमोर आणलं तर मी विचारतो, हे वाचायला ठेवलंय की लपवायला?

'सगळं मान्य' हे बटण बघा. ते ठळक काय असतं ते तुम्हाला बरोबर कळतं.

राहता राहिले पक्षवाले. तुमच्याकडे परत येणार होतोच.

महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर थेट २०२६ च्या जानेवारीत झाली, १५ तारखेला मतदान. एकीकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, एकीकडे प्रचाराच्या रिक्षा, आणि दुपारी दोन ते चार फोन. आमची आई ऐंशीला टेकली. फोन वाजला की उचलायचा, समोरचा बोलेल तर उत्तर द्यायचं, हे तिचं शिक्षण. मी टेबलावर प्रूफ बघत होतो, ती आतल्या खोलीत. स्पीकर चालू.

"नमस्कार! मी आपल्या प्रभागाचा उमेदवार बोलतोय."

"बोल की बाळा."

"गेली अनेक वर्षं आपण समस्यांना तोंड देत आहात..."

"व्हय की. पाणी चार-पाच दिसाआड येतंय. तेबी रात्री दोनला. पोरगं उठून मोटर लावतंय."

"...आपल्या प्रभागाचा विकास हाच माझा ध्यास आहे."

"ध्यास ऱ्हाऊ दे रं. पान्याची येळ तेवढी सांग."

"आपलं अमूल्य मत देऊन..."

"येळ सांग म्हनलं."

"...धन्यवाद!" आणि फोन बंद.

आई थोडा वेळ फोन कानाला तसाच धरून बसली. मग मला हाक मारून म्हणाली, "रेंज गेली जनू. तू लाव बरं त्याला परत." मी लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही.

सगळ्याच पक्षांचे असे फोन आले, म्हणून अमुकच एक असं म्हणत नाही. पण तुमच्याकडे माझ्या आईचा नंबर आहे, तिचा प्रभाग आहे, मतदार यादीतला तिचा अनुक्रमांकही असेल. तिच्याकडे तुमचं काय आहे? रेकॉर्डिंगच्या शेवटी 'हा फोन अमक्याने लावला, उलट बोलायचं असेल तर हा नंबर' एवढं बोलायला सहा सेकंद लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय. हँडबिलवर तेवढ्यासाठी मला कैदेची भीती घालता, मग स्वतःला सहा सेकंद तरी घाला.

तर मागणी एवढीच. पडदा असो, क्लिप असो, फोन असो, कुलूप असो, तळाशी एक ओळ. कुणी केलं, चुकलं तर कुणाला गाठायचं, आणि तो माणूस मराठीत बोलेल का. टाईप बारा पॉइंट चालेल, बोल्ड नको. ओळ कशी लावायची कळत नसेल तर दुकानात या, दुपारी एक ते चार बंद असतं.

या पत्राच्या पंचवीस प्रती मी छापल्या आहेत. एक दुकानाच्या दारावर चिकटवली आहे, बाकी ज्यांना पाहिजे त्यांनी घेऊन जाव्यात. छापील प्रतीच्या तळाशी माझं नाव, पत्ता, फोन आणि प्रतींची संख्या, सगळं नियमाप्रमाणे आहे. इथे फोन नंबर दिलेला नाही. दिला की तुमचे रेकॉर्डिंगवाले फोन सुरू होतात, आणि दुपारी फोन आई उचलते.

कळावे,
आपला,
एक डीटीपीवाला,
पूर्व भाग, सोलापूर
(सही छापील प्रतीवर)